बिरूची उंची

हौसा, तुझ्या ओट्यावर गॅसची शेगडी पालथी पडली आहे. बर्नर खाली, रबरी पाय वर. तुला घरातून नेलं आणि तुझ्या चुलतीनं, आक्काबाईनं, पहिलं काम ते केलं. पदर खोचला, भावजींना नळी काढायला लावली आणि शेगडी उचलून अशी आदळली की ओट्याच्या फरशीला तडा गेला. मी दारात उभी होते. "आक्का, हे काय करताय?" म्हटलं, तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "हितनं मानूस गेलं न्हवं? मग चूल पालथी घालायची आस्ती. आता हिला हात लावू नगंस." दहावं उरकलं आणि ती जतकडं आपल्या गावाला निघूनही गेली.

तेव्हापासून भावजी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पितात. जेवण शेजारून येतं. साखर कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून राबलेला तुझा नवरा, बॉयलरला कधी भ्याला नाही, तो आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घुटमळतो. मी कराडहून आले ती तुझी कागदं आणि माझी चित्रं न्यायला. तर मलाच विचारतात, "रत्नाताई, ही सुलटी कवा करायची आस्ती? आक्का काय बोललीच न्हाई वो."

मला काय ठाऊक! हा प्रश्न तुझ्या घराण्याचा. तुला विचारावं, तर तू नाहीस. गेले कित्येक दिवस माझं असंच चाललं आहे. काही अडलं की फोनकडं हात जातो, आणि मग रडू यायच्या आधी मला तुझा रागच येतो.

रागाचं कारण तुला माहीत आहे. सातव्या पुस्तकाचा शेवट न लिहिता तू गेलीस. बाकीचं पुस्तक जुळवून तयार आहे, शेवटचं प्रकरण तेवढं कोरं, आणि ते माझ्या गळ्यात. लिहायचं नाही, काढायचं. गोष्टीतल्या बिरूला सोबत आणायचं की तिथंच ठेवायचं, हे आता माझ्या पेन्सिलीनं ठरायचं आहे. चित्रकाराला असं कात्रीत धरून जाणारी लेखिका मी दुसरी पाहिली नाही.

तुझी शोकसभाही झाली. एक वक्ता तुला 'बालगोपाळांची माउली' म्हणाला. मी तोंडाला पदर लावला, लोकांना वाटलं रडतेय. कसली माउली? "ए, पाय हलवू नगंस, गोष्ट सांडंल," असं पोरांवर डाफरायचीस तू. दुसऱ्यानं तर आपल्या पुस्तकमालिकेचं नावच 'तीन दगडांची चूल' करून टाकलं. 'तीन दगडांची वाट' होतं ते. तुझ्या सगळ्या गोष्टींत वाट हीच खरी होती, चूल नव्हे, पण शोकसभेत हे कुणाला समजावत बसायचं?

वाट तुझ्या अंगातच होती. आपण सांगलीच्या वसतिगृहात एका खोलीत आलो तेव्हा तू डी.एड.ला आणि मी चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला. तू जतच्या बाजूची, मेंढरांमागं चालणाऱ्या धनगराची लेक. मी रहिमतपूरची, बौद्ध वस्तीतली, मास्तरांची मुलगी. तू खोलीत कधी बसायचीच नाहीस. धडा पाठ करायचा तर व्हरांड्यात येरझाऱ्या, पत्र लिहायचं तर आधी येरझाऱ्या घालत बोलून घ्यायचीस. मी वैतागून म्हणायचे, "बस की बाई, बघून चक्कर येते." त्यावर तुझं ठरलेलं उत्तर, "बसून माजं डोस्कं चालत न्हाई, रत्ने. चालता चालताच गोष्ट सुचती." पुढं जन्मभर तू तशीच लिहीत राहिलीस. आधी चालत बोलायचं, मग शाळेत लिंबाखाली पोरांना सांगायचं, एखादं पोर मातीत रेघा ओढायला लागलं की ते वाक्य कापायचं, आणि मग कागदावर.

त्याच व्हरांड्यात तू मला चुलीची रीत सांगितलीस. दिवाळी झाली की तुमचा तळ कोरड्या मुलखातून निघायचा आणि कृष्णाकाठच्या काळ्या रानांत खतासाठी मेंढरं बसवत पुढं सरकायचा. प्रत्येक तळावर तीन दगड मांडून चूल. तळ हलला तरी चूल मोडायची नाही, मागून येणाऱ्याच्या कामाला येते. पण ज्या तळावर माणूस मरेल, तिथले तिन्ही दगड पालथे घालायचे, जळकं तोंड मातीला लावून. मग त्या रानात पुन्हा उतरायचं नाही. ही तुझ्या आज्याची रीत.

या एवढ्याशा रीतीतून तू पोरांसाठी केवढा खेळ मांडलास! तानी नावाची धनगराची पोर, तिचा धाकटा भाऊ बिरू, आणि हातात आज्याची काठी. कुठल्याही जुन्या तळावर तीन दगडांत जाळ करायचा आणि डोळे मिटायचे. तळाखाली तळ असतात, जाळ जेवढा खोल जाईल तेवढा जुना काळ, हे तुझं शास्त्र. निखारे विझायच्या आत परत फिरायचं, हा नियम. त्या दोघांना तू वेढा पडलेल्या गडावर नेलंस, मोठ्या दुष्काळात नेलंस, बेचाळीसच्या भूमिगतांबरोबर उसात लपवलंस. पाचव्या पुस्तकाच्या वेळी मी भांडले. म्हटलं, "आमचे लोक कधी येणार गं तुझ्या गोष्टीत?" पुढच्याच रविवारी तू कराडला माझ्या दारात हजर. "चल, आगाशिवच्या लेण्यांवर. तिथं भिक्खू कसं ऱ्हात आस्तील ते मला दाखव." दिवसभर तू त्या कोरीव खोल्यांतून फिरत बडबडत होतीस आणि मी मागून तुझे शब्द वेचत होते. त्या पुस्तकातला बिरू छिन्नीच्या आवाजात भिक्खूच्या मांडीवर झोपतो. ते चित्र माझं सगळ्यात लाडकं आहे, आणि त्यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती.

आणि एक नियम तू पहिल्याच पुस्तकात आज्याच्या तोंडी घातलास. पालथ्या चुलीच्या वाटेला जायचं नाही. आष्ट्याच्या रानात तशी एक चूल आहे, एवढंच तानीला ठाऊक. ती तिकडं बघतही नाही.

आपलं पहिलं मोठं भांडण दुसऱ्या पुस्तकाच्या वेळचं. पहिल्या पुस्तकात तानी दहा वर्षांची आणि बिरू पाचाचा. दुसऱ्यात तानी वाढली, म्हणून मी बिरूलाही बोटभर वाढवला. त्यात काय चुकलं? पोरं वाढतातच. मी हौसेनं चित्रं घेऊन सांगलीला आले. तू पहिलंच चित्र उचललंस आणि तुझा चेहरा उतरला.

"ह्याची उंची का वाढवलीस?"

"अगं, वर्ष गेलं ना मध्ये."

"तानीचं गेलं. ह्याचं न्हाई." तू काठीवर बोट ठेवलंस. आज्याच्या काठीला पितळी कडं होतं, ते मी तुझ्याच सांगण्यावरून काढायचे. "ह्या कड्याला ह्याचं डोस्कं लागतं. तेवढंच लागलं पायजे. दर पुस्तकात."

"हौसा, असं कसं? पोरं विचारतील."

"इचारू देत. तू काडून आन."

मी चिडले, पण सगळी चित्रं पुन्हा काढली. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाला तू तेच केलंस. माझी रेघ बघायची नाहीस, रंग बघायची नाहीस. आधी काठीच्या कड्यावर वीत ठेवायची आणि बिरूचं डोकं तपासायचं. मी तुला 'मापाड्या' म्हणून चिडवायचे. तू हसायचीस, पण माप सोडायची नाहीस. तानी शहाणी झाली, वेणी लांबली, ओढणी घ्यायला लागली. बिरू तसाच, कड्याएवढा.

पोरं विचारतील म्हटलं होतं, तसं झालंच. सहावं पुस्तक आलं तेव्हा आष्ट्याच्या एका शाळेनं आपल्याला बोलावलं. तू वर्गात येरझाऱ्या घालत सांगत होतीस, पोरं तोंड वासून ऐकत होती. मग पुढं बसलेली एक मुलगी उठली. "बाई, तानी मोठी हुती, मग बिरू का हुईना?" तू थांबलीस. गोष्ट सांगताना तुझे पाय थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले. "त्याला खायला कमी पडतंय," तू म्हणालीस आणि पोरं खदखदून हसली. ती मुलगी मात्र हसली नाही.

परत निघाल्यावर तू एसटी स्टँडकडं न वळता मला गावाबाहेर घेऊन गेलीस. तिथं आता मंगल कार्यालय झालं आहे. कुणाची तरी हळद होती, स्पीकर लावला होता, गाड्या उभ्या होत्या. त्या गाड्यांच्या मधून चालत तू एका जागी आलीस आणि म्हणालीस, "हितं चूल हुती."

मग तू सांगितलंस. चालत नाही, उभ्यानं. बिरू तुझा सख्खा धाकटा भाऊ. पाच वर्षांचा. त्याला ताप होता. आई गावात औषधाला गेली होती, बाप आणि आज्या मेंढरं घेऊन पुढच्या रानात. तुला सांगितलं होतं, ह्याच्यापाशी बस. तू दहा वर्षांची. राखायला ठेवलेल्या चार मेंढ्या शेजारच्या उसात शिरल्या, मालक बांधावरून शिव्या देत आला, म्हणून तू त्यांना हाकलायला धावलीस. "ऊस लय दाट हुता, रत्ने. मेंढ्या गावंनात." परत आलीस तेव्हा पोर गेलं होतं. पांघरूण बाजूला पडलं होतं आणि तोंड तू गेली होतीस त्या बांधाकडं होतं. संध्याकाळी आज्यानं दगड पालथे घातले. रात्र व्हायच्या आत तळ हलला. तुझ्या आईनं पुढं मरेपर्यंत आष्ट्याचं नाव घेतलं नाही.

स्पीकरवर हळदीची गाणी चालू होती. मी तुझा हात धरला, तो तू सोडवून घेतलास आणि म्हणालीस, "चल, एसटी चुकंल."

बसमध्ये तू सातवं पुस्तक सांगितलंस, आणि मला कळलं की सहा पुस्तकं मी काय काढत होते. तानी बिरूला साहसाला नेतच नव्हती. त्याच्या मरणाच्या आधीच्या एका तळावर तिनं त्याला गाठला होता, आणि तेव्हापासून ती त्याला एका काळातून दुसऱ्या काळात नुसती पळवत होती. कारण त्याच्या स्वतःच्या काळात पालथी चूल होती. गड, दुष्काळ, भूमिगत, लेणी, हे सगळं पळणं होतं. सातव्या पुस्तकात तानी त्याला घेऊन आष्ट्याला जाणार होती. त्याला तिथं सोडणार होती. आणि एकटी परत येणार होती.

मी म्हणाले, हे चालणार नाही. मुलांच्या पुस्तकात मूल मारायचं नाही.

"पोरास्नी मरान ठावं नसतं आसं वाटतंय व्हय तुला? मला दहाव्या वर्षी ठावं झालं."

"म्हणून सगळ्यांना करून द्यायचं?"

"आमास्नी कुनी सांगितलं न्हाई, म्हनून मी सांगती."

ते भांडण आपण दोन वर्षं भांडलो. फोनवर, बसमध्ये, तुझ्या ओट्याशी चहा उतू जाईस्तोवर. मी म्हणायचे, रीत माणसानं केली, ती माणूस मोडतो. आमच्या आजोबांनी अख्खा देव्हारा नदीत सोडला, पिढ्यान्‌पिढ्यांचा, आणि मागं वळून बघितलं नाही. तुला तीन दगड सुलटे करता येत नाहीत? त्यावर तू जे म्हणालीस ते मला अजून खुपतं. "तुज्या आज्यानं सोडलं ते त्यास्नी नको हुतं म्हनून सोडलं. मला बिरू पायजे, रत्ने. मी मोडून बघितली रीत. सहा पुस्तकं दुसरं काय केलं? मोडत न्हाई."

एकदा मी तडजोड सुचवली. म्हटलं, त्याला लेण्यांच्या काळात ठेव. भिक्खू सांभाळतील, तिथं मोठा होईल. तू डोळे बारीक करून बघितलंस. "म्हंजे तुमच्यात दिऊन टाकू व्हय पोराला?" आणि आपण दोघी पोट धरून हसलो. हसताना तुझ्या पाठीत कळ आली. "काय न्हाई, उसन भरलीया," म्हणालीस. ती उसण नव्हती. तुझ्या कण्यात गाठ होती.

पुढचं मला लिहायचं नाही, पण न लिहून कुठं जाईल? मिरजेच्या दवाखान्यात तुझे पाय गेले. आधी बोटांची जाण गेली, मग घोट्यांची, मग गुडघ्यांची. डॉक्टर टाचणी टोचायचे आणि तू दुसरीकडं बघत "कवा टोचनार?" विचारायचीस. मरणाला तू घाबरली नाहीस. पण पाय गेले तशी गोष्ट गेली, याला तू घाबरलीस. शेवटचं प्रकरण डोक्यात होतं आणि चालल्याशिवाय ते बाहेर येत नव्हतं. चालणाऱ्या माणसाला असं मरण यावं, यात मला कसलाच अर्थ दिसत नाही. कुणी सांगू पाहिला तर मी ऐकून घेत नाही.

एका दुपारी तू म्हणालीस, "रत्ने, तू चाल. मी बोलती." मी खाटेपासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालायला लागले. नर्स ओरडली, "ओ मावशी, हितं फिरू नका, पेशंटला तरास हुतो." तू उशीवरून म्हणालीस, "पेशंट मीच हाय. फिरू दे तिला." मी फिरत राहिले. माझे गुडघे दुखायला लागले. बऱ्याच वेळानं तुझ्या तोंडून वाक्य आलं, "तानीनं आज्याची काठी बिरूच्या हातात दिली."

"मग?" मी चालता चालता विचारलं.

"मग तिला जाया पायजे."

"जाऊ दे की." दोन वर्षं जिच्याशी भांडले तिला मीच सांगत होते, कारण तुझं प्रकरण पुरं व्हावं एवढंच मला त्या वेळी हवं होतं.

"कशी जाईल गं? एकटं हाय पोर."

तू रडली नाहीस. चादरीखालच्या पायांकडं बघत राहिलीस. तेव्हा मला कळलं की आपलं भांडण कधी नव्हतंच. मला तो शेवट काढता येत नव्हता आणि तुला लिहिता येत नव्हता, आणि कारण एकच होतं. पाच वर्षांचं पोर तापानं फणफणलेलं, परक्या रानात, एकटं. तिथून पाठ फिरवून चालायला लागणारी तानी ना तुझ्या जिभेवर येत होती ना माझ्या हातात.

मला तेव्हा बोलायला हवं होतं. तू दहा वर्षांची होतीस, मेंढ्या उसात शिरल्या होत्या, दुसरं कुणीही पोर तेच करतं, हे मला म्हणायचं होतं. तुला ते ठाऊकच असेल असं धरून मी इतकी वर्षं म्हटलं नाही, त्या दुपारीही म्हटलं नाही. आता म्हणते. ऐकू जात नाही, तरी म्हणते.

तूच बोललीस. "शेवट तू काड. आता शब्द नगं. नुसतं चित्र."

"काय काढू?"

"तुला दिसंल ते."

मग तुला घरी आणलं, आणि थोड्याच दिवसांत घरूनच नेलं.

प्रकाशक फोन करतात. आधी वाईट वाटल्याचं सांगतात आणि मग विचारतात, शेवट गोड करता येईल ना? बिरू राहिला तर पुढंही दोन-तीन भाग काढता येतील, कुणाकडून तरी लिहून घेऊ. माझ्या तोंडात शिवी आली होती, तुझ्या आष्ट्याच्या उसवाल्याची. गिळली.

तर अशी मी तुझ्या घरी आले. दुपारची वेळ. भावजी उंबऱ्यावर, मी आत, आणि मध्ये ती पालथी शेगडी. त्यांचा प्रश्न डोक्यात घोळत होता, सुलटी कधी करायची असते. मी आठवून बघितलं, तू कधी काही सांगितलं होतंस का. वसतिगृहात, बसमध्ये, लेण्यांवर. नाही. पालथी कशी घालायची ते सांगितलंस, सुलटी करायचं कधीच नाही.

आणि मग उभ्या उभ्या ध्यानात आलं. सुलटी करायची रीत नाहीच, हौसा. असेल कशी? तुमचे लोक चालत होते. चूल पालथी घालून ते पुढच्या रानाला जायचे आणि तिथं नवे तीन दगड शोधायचे. त्याच संध्याकाळी. पोर गेलं त्या दिवशीही तुझ्या आईनं पुढच्या तळावर भाकरी थापली असणार, बाकीची तोंडं होती ना. फ्लॅटमधल्या माणसानं काय करायचं, हे तुझ्या आज्यानं सांगून ठेवलेलं नाही.

मी भावजींना हे सांगितलं. ते ऐकून घेत म्हणाले, "खरं हाय. पर मी आता कुटं चालत जाऊ, ताई?"

मी आजन्म रीती मोडा म्हणणारी बाई, मला ती शेगडी एका हातानं सुलटी करता आली असती. हात पुढं झालाही. पण नाही करवली. भावजींना म्हटलं, "चपला घाला. बाजारात जाऊ."

नवी शेगडी आणली. जुनी तशीच पालथी धरून भावजींनी माळ्यावर ठेवली, तडा गेलेली फरशी मी पुसली, आणि नवी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मांडली. नळी त्यांनीच जोडली. चहाही त्यांनीच केला, साखर जास्त पडली, आणि पहिला घोट घेतल्यावर ते जे रडायला लागले ते तुला नेल्यापासून पहिल्यांदाच. मी त्यांना रडू दिलं. कप उचलून आत आले आणि तुझ्या टेबलावर कागद लावला.

सांगते काय काढलं ते. तू जिंकलीस. आष्ट्याचं रान आहे, दाट ऊस आहे, दगड पालथेच आहेत. मी सुलटे केले नाहीत. लांब बांधावरून तानी चालली आहे. मोठी झाली आहे, पाठमोरी आहे, थांबलेली नाही. पुढच्या तळाचा धूर दिसतो आहे तिला.

बिरू तिथंच आहे, काठी घेऊन. पण तो एकटा नाही. त्याच्या शेजारी एक बाई काढली आहे. चष्म्याची, पिकल्या केसांची, पदर खोचलेली. तिचे पाय मी नीट काढले, बोटांसकट, टाचेच्या भेगांसकट. आणि तिला बसवली आहे. जन्मभर उभ्यानं गोष्ट सांगणारी बाई पहिल्यांदाच मांडी घालून बसली आहे, कारण आता तिला कुठंच जायचं नाही. तू होतीस तोवर हे चित्र कुणालाच काढता आलं नसतं. मी आत्माबित्मा मानत नाही, तुला ठाऊक आहे. तू बिरूजवळ गेलीस असं मी म्हणत नाही. कागदावर बसवली आहेस, एवढंच म्हणते.

प्रकाशकांना आवडो न आवडो, चित्र जाणार ते हेच. खाली शब्द नाहीत. पोरं रडतील, तर रडू देत.

बिरूची उंची तेवढीच ठेवली आहे, हौसा. कड्याला वीत लावून बघ.